लंडनचा पार्टनर आणि कधीच न आलेले 8,640 पौंड

हे लिहायला मला इतका वेळ लागला कारण लाज वाटत होती, दुसरं काही नाही. बारा वर्षं वेबसाइट बनवतोय, नाशकात सहा जणांची टीम आहे, आपल्याला कोण गंडवणार असा माज पण होता. परवा ओळखीतल्या एका पोराचा फोन आला की सर, युकेतली एक एजन्सी व्हाइट लेबलच्या कामासाठी, म्हणजे काम आपण करायचं आणि नाव त्यांचं लागायचं अशा कामासाठी, इंडियात पार्टनर शोधतेय, जरा अ‍ॅग्रीमेंट बघता का. त्यानं पीडीएफ पाठवली, उघडली, आणि कलम 7 वाचताना माझ्या पोटात गोळा आला कारण ते मला पाठ होतं. शब्दाला शब्द तेच. फक्त कंपनीचं नाव वेगळं. म्हटलं आता लाज गेली खड्ड्यात, लिहूनच टाकू.

सप्टेंबर 2022 मधे लिंक्डइनवर मेसेज आला. पहिला इंग्रजीत, दुसऱ्याच मेसेजला गडी मराठीवर. मी मूळचा साताऱ्याचा, दहा वर्षं झाली लंडनला, एजन्सी चालवतो, आपल्या माणसांना काम द्यायचंय वगैरे. आता परदेशात बसलेला माणूस "आपल्या माणसांना" म्हणाला की आपण निम्मे तिथेच विरघळतो. तिसऱ्या कॉलला मी त्याला साहेब म्हणायला लागलो आणि तो मला दादा. गणित पण त्यानं नीट समजावलं, की तिकडची एजन्सी ज्या साइटचे पाच हजार पौंड लावते ती मी तीन हजारात विकतो, तुम्हाला त्यातले बाराशे-पंधराशे देतो, क्लायंट खूश, तुम्ही खूश. यात खोटं काहीच नव्हतं हो. असंच चालतं हे काम, कितीतरी छोट्या टीम वर्षानुवर्षं अशाच मागच्या बाजूला बसून प्रामाणिकपणे कमावतायत. त्यामुळे शंका यायची तर कशाची?

मी तपासलं नाही असं नाही. कंपनीज हाउस म्हणजे ब्रिटनचं कंपन्यांचं सरकारी रजिस्टर, तिथे कुणीही फुकट बघू शकतं. नाव टाकलं, कंपनी सापडली, स्टेटस अ‍ॅक्टिव्ह. झालं, माझा जीव भांड्यात पडला. तेव्हा मला हे माहीत नव्हतं की त्या काळात तिथे ऑनलाइन कंपनी काढायला 12 पौंड लागायचे आणि डायरेक्टरची ओळख कुणी पडताळत नव्हतं. आणि नव्या कंपनीला पहिले अकाउंट्स द्यायला 21 महिने मिळतात. याची कंपनी फेब्रुवारी 2022 ची, सात महिन्यांची, त्यामुळे बघायला हिशेबाचा एक कागद नाही. मी ते "अजून काही वाईट दिसत नाही" असं वाचलं. प्रत्यक्षात काही दिसतच नव्हतं.

आधी दोन बारकी कामं आली, 280 पौंडाचं एक आणि 450 चं एक. दोन्हीचे पैसे इनव्हॉइस पाठवल्यावर दोन-तीन दिवसांत खात्यात. बँकेनं नेहमीप्रमाणे पर्पज कोड विचारला, म्हणजे पैसे कशाचे त्याचा कोड, मी सॉफ्टवेअरच्या कामाचा पी0802 लिहून दिला, विषय संपला. नंतर एफआयआरए आली, म्हणजे बाहेरून पैसे आल्याचा बँकेचा कागद, त्यावर पाठवणाऱ्याच्या जागी त्याच्या कंपनीचं नाव नव्हतं, भलत्याच कुणा माणसाचं होतं. मी विचारलं तर म्हणाला दादा ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, बिझनेस अकाउंटला चार्जेस फार लागतात. मी म्हटलं बरं. पैसे आलेत ना! ते कुणाचे होते हे मला आजही कळलेलं नाही, पण त्याच्या कंपनीचे नव्हते एवढं नक्की, आणि हे मला पहिल्या महिन्यात कागदावर छापून मिळालं होतं.

जानेवारी 2023 ला तो म्हणाला आता सुटी कामं नको, रीतसर पार्टनरशिप करू. अ‍ॅग्रीमेंट आलं, चौदा पानी. त्यातलं ते कलम 7, की आम्ही शेवटच्या क्लायंटशी काम चालू असताना आणि पुढे तीन वर्षं कुठल्याही मार्गानं संपर्क करायचा नाही, केला तर 20,000 पौंड दंड. क्लायंट पळवू नये म्हणून असं कलम असतंच सगळीकडे, पण यात फोन करणं, ईमेल करणं, साधं नाव विचारणं सुद्धा होतं. आणि शेवटी एक ऑनबोर्डिंग डिपॉझिट, दीड लाख रुपये, सहा महिन्यांनी परत. तेही पौंडात नाही, लंडनला नाही, त्याच्या इंडिया रिप्रेझेंटेटिव्हच्या सुरतच्या सेव्हिंग खात्यात. माझी बायको आमचे हिशेब बघते, ती म्हणाली, "पैसे आपल्याला मिळायचेत ना, मग आपण कशाला भरतोय?" मी तिला दहा मिनिटं बिझनेस समजावला. अजूनही घरात कुठलाही वाद निघाला की ती दहा मिनिटं निघतात.

मग खरी कामं सुरू झाली, तीन प्रोजेक्ट. एक दाताच्या दवाखान्याची साइट अपॉइंटमेंट बुकिंगसकट, 2,340 पौंड. एका वकिली फर्मची साइट, 1,800. आणि भाड्याच्या घरांचं एक पोर्टल, 4,500. बेरीज 8,640. मार्च ते जुलै सगळी टीम त्यातच.

दवाखान्याचं काम मला अजून लख्ख आठवतं. बुकिंग मार्चच्या मध्यावर लाइव्ह केलं आणि 26 तारखेला, म्हणजे मार्चच्या शेवटच्या रविवारी, तिकडे घड्याळं एक तास पुढे गेली. आम्ही वेळा साठवताना तो हिशेबच धरला नव्हता. सोमवारी सगळे पेशंट तासभर मागेपुढे, रिसेप्शनची बाई वैतागलेली, तिचा ईमेल यानं नावं झाकून आम्हाला फॉरवर्ड केला. रात्री दोनपर्यंत बसून आम्ही ते दुरुस्त केलं. आणि गंमत बघा, त्या रात्रीनंतर माझा त्याच्यावरचा विश्वास दुप्पट झाला. कारण दवाखाना खरा होता, पेशंट खरे होते, शिव्या पण खऱ्या होत्या. मला वाटायचं फसवणूक म्हणजे खोटं काम, खोटा क्लायंट. इथे काम पण खरं आणि क्लायंट पण खरा, खोटा फक्त मधला माणूस, आणि त्याला टाळून पलीकडे बघायचं नाही यावर मीच सही केलेली.

पैसे? "क्लायंट गो-लाइव्हनंतर देतो." गो-लाइव्ह झालं. "व्हॅटचा क्वार्टर संपू दे." संपला. "ऑगस्टमधे इकडे सगळे सुटीवर असतात दादा, तुम्हाला माहितीये." मला काय डोंबल माहिती असणार, मी नाशकात. मधेच जुलै अखेरीला म्हणाला क्लायंटकडे सिक्युरिटी ऑडिट आहे, तिन्ही रेपोची ओनरशिप आणि सर्व्हरचं रूट लॉगिन, म्हणजे सगळा कोड जिथे ठेवतो ती जागा आणि सर्व्हरचा पूर्ण ताबा, माझ्या नावावर करा, सोमवारी परत देतो. माझा फ्रंटएंडवाला, म्हणजे साइटचा दिसणारा भाग करणारा पोरगा, म्हणाला, सर पेमेंट नाही आलेलं. मी म्हटलं, अरे आपलीच माणसं आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी टीममधल्या कुणाचंच लॉगिन चालेना. तो सोमवार अजून यायचाय.

सप्टेंबरअखेर मी आवाज चढवला तेव्हा त्यानं एक पीडीएफ पाठवली, एमटी103. बँकेकडून बँकेला परदेशी पैसे जाताना तेव्हा स्विफ्टचा जो संदेश जायचा त्याची प्रत. 8,640 पौंड, आमचं नाव, खातं नंबर, सगळं बरोबर. मी टीमला मिठाई आणली हो, काय सांगू. दहा दिवस झाले, पैसे नाहीत. प्रिंट घेऊन शाखेत गेलो. फॉरेक्सच्या टेबलवर मॅडम होत्या, त्यांनी कागद घेतला, पेन्सिल घेतली, आणि यूईटीआर नावाचा जो लांबलचक नंबर असतो त्यावर एकेक अक्षर टेकवत गेल्या.

"सर, हे तुम्हाला बँकेनं दिलं की पार्टीनं?"

"पार्टीनं."

"हा बघा आर. इथे परत एक आर. या नंबरात आकडे असतात आणि ए ते एफ एवढीच अक्षरं. आर कुठून येईल?"

त्यांनी तरीही सिस्टीममधे टाकून बघितला, असा व्यवहारच नव्हता. पेन्सिलीचे ते दोन गोल असलेला कागद माझ्याकडे अजून आहे. खरा पैसा निघाला असेल तर त्या नंबरावरून तो कुठे अडकलाय हे बँकेला बघता येतं, त्यामुळे कुणी पीडीएफ दाखवली की व्हॉट्सअ‍ॅपवर थँक यू लिहायच्या आधी तो नंबर बँकेत द्या. मी दहा दिवस नुसता वाट बघत बसलो. त्याला फोन केला तर म्हणाला बँकेची चूक असेल दादा, बघतो. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपला एकच टिक.

आता दवाखान्याला विचारावं तर ते 20,000 पौंड डोक्यात. पंधरा दिवस मी त्या आकड्याला घाबरून गप्प बसलो, म्हणजे बघा, ज्यानं मला बुडवलं त्याच्याच कराराला मी घाबरत होतो. शेवटी आमची डिझायनर म्हणाली, सर त्यांच्या साइटच्या तळाला, फूटरमधे फोन नंबर आहे की, मीच टाकलाय. दुपारी अडीचला, म्हणजे त्यांच्या सकाळी दहाला फोन लावला. मॅनेजर बाई फार सभ्य होत्या. त्यांनी सगळे पैसे फेब्रुवारीतच आगाऊ भरलेले, आम्ही कोडची पहिली ओळ लिहायच्या आधी. आणि साइट लंडनमधल्याच टीमनं बनवली असं त्यांना सांगितलेलं. इंडियातून कुणी हे केलंय हेच त्यांना माहीत नव्हतं. त्या वाईट वाटलं म्हणाल्या, पण दुसऱ्यांदा पैसे कसे देणार, आणि मी तरी कुठल्या तोंडानं मागणार.

पोलिसांकडे गेलो. डिपॉझिटची तक्रार सायबरला घेतली, पण सुरतचं खातं कधीच रिकामं झालेलं. तिथल्या साहेबांनी सांगितलं, पैसे गेल्या गेल्या 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला असता तर ते पुढच्या खात्यांत गोठवायची काहीतरी शक्यता होती, तुम्ही नऊ महिन्यांनी येताय. बाकी 8,640 म्हणजे व्यवहारातला वाद, दिवाणी. इंग्लंडमधे 10,000 पौंडापर्यंत स्मॉल क्लेम, म्हणजे छोट्या रकमेचा दावा, करता येतो, एवढ्या रकमेला कोर्ट फी 455 पौंड, पण दावा कुणावर, तर ज्या कंपनीत काहीच नाही तिच्यावर. मी विचार करत राहिलो आणि तेवढ्यात 2024 च्या सुरवातीला कंपनीज हाउसनं कागद न भरल्याबद्दल ती कंपनी रजिस्टरवरून काढायची नोटीस काढली. हे मला उन्हाळ्यात कळलं, तोवर विसर्जित. अशा नोटिशीनंतर दोनेक महिने असतात आणि ज्याचं देणं बाकी आहे तो ऑनलाइन हरकत घेऊ शकतो, मग प्रक्रिया थांबते. मला कुणी सांगितलं असतं तर मी निदान ते केलं असतं. कंपनीच्या कुठल्याही पानावर ईमेल टाकून ठेवला की बदल झाला की कळवतात, तेही फुकट. मी एकदाच बघितलं, पहिल्या दिवशी. आता कंपनीच्या नावावर चार पौंड उरले असतील तर ते तिथल्या कायद्यानं राजसत्तेकडे जमा. म्हणजे माझा देणेकरी आता साक्षात इंग्लंडचा राजा.

आणि सगळ्यात मोठा फटका तर घरचाच. आपण सेवा बाहेर देतो तेव्हा एलयूटी, म्हणजे एक हमीपत्र, भरून जीएसटी न लावता इनव्हॉइस काढतो. पण तेव्हाच्या नियमानं इनव्हॉइसपासून एक वर्षात परकीय चलन आलं नाही तर पुढच्या 15 दिवसांत तो न लावलेला जीएसटी (आयजीएसटी) व्याजासकट आपल्या खिशातून भरावा लागायचा. सीएनं मार्च 2024 ला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं तो चेष्टा करतोय. साधारण पावणेनऊ लाख रुपये, जे मला मिळालेच नाहीत, त्यावर 18 टक्के. दीड लाखाच्या वर. मुदत वाढवून मागायची सोय आहे पण कधीच न येणाऱ्या पैशाला मुदत मागून काय करू. तीन इनव्हॉइसची तीन चलनं भरली.

त्या पोराला मी एवढंच सांगितलं की त्याला दोन गोष्टी विचार, पैसे ज्या खात्यातून येणार ते कुणाच्या नावावर आहे, आणि पहिल्या कॉलला खरा क्लायंट बसेल का, भले आपण त्यांची टीम म्हणून बसू. आणि शेवटचा हप्ता आल्याशिवाय रेपो कुणाच्या बापाला द्यायचा नाही. त्यानं विचारलं. उत्तर आलं, पार्टनरशिपमधे ट्रस्ट महत्त्वाचा असतो. हे पण शब्दाला शब्द तेच.

दवाखान्याचं एक राहिलं. फेब्रुवारी 2024 ला त्या मॅनेजर बाईंचा ईमेल आला, साइट बंद पडली, यानं सर्व्हरचे पैसे भरलेले नव्हते. रेपो तर गेला होता पण फ्रंटएंडवाल्याच्या जुन्या लॅपटॉपवर जुलैची एक कॉपी निघाली, दोन दिवसांत उभी केली. तेव्हापासून देखभालीचे महिन्याला 95 पौंड येतात. पहिल्या महिन्याची एफआयआरए आली तेव्हा मी रक्कम बघितलीच नाही, बोट आधी पाठवणाऱ्याच्या नावावर ठेवलं. दवाखान्याचंच होतं.