थंड पाण्यातला बास: जर्कबेट, जिग की स्पून?

पाणी १० अंश सेल्सिअसखाली उतरलं की बास या शिकारी माशाचं पचन मंदावतं. तो खातो, पण आमिषामागे धावत नाही. म्हणून ल्यूर, म्हणजे नकली आमिष, निवडण्याआधी दोन गोष्टी बघा: मासा किती खोल आहे आणि पाणी किती नितळ आहे.

पाणी नितळ असेल आणि मासा उताराच्या कडेला ३-४ मीटरवर असेल, तर सस्पेंडिंग जर्कबेट, म्हणजे झटक्यांनी हलणारं आणि थांबलं की पाण्यात अधांतरी राहणारं माशाच्या आकाराचं ल्यूर. ८ ते १० पाउंडांचा ताण सोसणारी फ्लुरोकार्बन लाइन (पाण्यात सहज न दिसणारा दोर) घ्या; जाड लाइनवर ल्यूर खोल जात नाही. दोन हलके झटके द्यायचे, मग लाइन किंचित सैल सोडून १० सेकंद थांबायचं. पाणी ६-७ अंशांवर असेल तर २० सेकंदही. चावा बहुतेक या थांब्यातच येतो, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

आणखी एक घोळ असतो. थंड पाणी जड असतं, त्यामुळे उन्हाळ्यात जागच्या जागी थांबणारं ल्यूर आता हळूहळू वर येतं. काठाशी हातभर खोल ओढून सोडा आणि बघत राहा. वर सरकलं तर पोटाला, पुढच्या हुकाच्या जरा पुढे, शिशाच्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. नाक किंचित खाली झुकवून ते स्थिर राहिलं की जमलं. धपकन बुडू लागलं तर पट्टी कापून कमी करा.

पाणी गढूळ असेल किंवा मासा तळातल्या दगडांत, ओंडक्यांत बसला असेल, तर जर्कबेट ठेवून द्या आणि १० ते १४ ग्रॅमची जिग (वजनदार डोक्याचा हुक) बांधा. तिचा स्कर्ट, म्हणजे हुकाभोवतीची झालर, कापून आखूड करा, मागे छोटा ट्रेलर (हुकात ओवायचं मऊ नकली शेपूट) लावा. उड्या मारायला लावू नका. रॉड आडवा फिरवत ती तळावरून फरपटवा, सैल झालेली लाइन रीलवर घ्या, थांबा. हिवाळी चाव्यात टकटक क्वचितच जाणवते. ओलं पान अडकल्यासारखं नुसतं जड लागतं. तसं लागलं की हुक मारा. अडचण एकच, जिग दगडांच्या फटीत अडकते. चार-पाच जास्तीच्या जवळ ठेवा.

स्पून, म्हणजे चमकणारं धातूचं ल्यूर, बोटवाल्यांसाठी. सोनारवर (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर) ६ ते ९ मीटरवर चाऱ्याच्या माशांचा थवा दिसला की १४ ते २१ ग्रॅमचा स्पून सरळ खाली सोडा, अर्धा मीटर उचला आणि लाइन जेमतेम ताणलेली ठेवून पडू द्या. पूर्ण सैल सोडलीत तर पडताना आलेला चावा कळणारच नाही. स्पूनच्या वर स्विव्हल (गरगर फिरणारी कडी) हवंच, नाहीतर लाइनला पीळ पडतो. ९ मीटरपेक्षा खोल मात्र जाऊ नये: तिथून वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि सोडल्यावर त्याला खाली जाता येत नाही.

काठावरून गळ टाकणाऱ्याने एकच घ्यायचं असेल तर जिग घ्यावी. पाण्यात मीटरभर खोलचं स्पष्ट दिसत असेल, तरच जर्कबेट तिच्यावर मात करतो.