मेव्हन ३ चा रिअॅक्टर: मोड्यूल अनेक, हुकूम एक

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे आयटी पट्ट्यात जावाचा जुना प्रकल्प हाती आला की बहुधा मेव्हन ३ (कोड कंपाइल करून बांधणारा बिल्ड टूल) पदरात पडतोच. मांडणी सोपी आहे. मुळाशी एक पॉम फाइल (प्रकल्प कसा बांधायचा ते सांगणारी), तिचं पॅकेजिंगही 'पॉम', आणि आत मोड्यूलची, म्हणजे प्रकल्पाच्या वेगवेगळ्या भागांची, यादी. यादी कशीही लिहा, कोण कोणावर अवलंबून आहे ते पाहून रिअॅक्टर, म्हणजे मेव्हनचा सगळे मोड्यूल एकत्र बांधणारा भाग, क्रम लावतो. समजा 'वेब' मोड्यूलला 'कॉमन' मोड्यूल लागतो, तर 'कॉमन' आधी, 'वेब' नंतर. दोन मोड्यूल एकमेकांवरच टेकलेले असतील तर मात्र तो कंपाइलला हातही लावत नाही. दोघांना लागणारे क्लास तिसऱ्या मोड्यूलमध्ये काढा.

फसगत होते ती 'वेब'च्या फोल्डरमध्ये शिरून बिल्ड मारला की. तिथून रिअॅक्टरला 'कॉमन' दिसतच नाही, मग तो डॉट-एमटू फोल्डरात (मेव्हनचा आपल्या मशीनवरचा साठा) पडलेला जुना जार, म्हणजे आधी बांधून ठेवलेली फाइल, उचलतो. मेथड सापडत नाही म्हणून बिल्ड फुटला तर नशीब. गुपचूप पास झाला तर शोधत बसा. म्हणून हुकूम नेहमी मुळातून द्यावा: '-पीएल वेब -एएम', म्हणजे वेब आणि त्याला लागणारं सगळं.

उलट्या दिशेचा '-एएमडी', म्हणजे निवडलेला मोड्यूल आणि त्यावर अवलंबून असलेले सगळे, फारसा कोणी वापरत नाही, आणि तिथेच चुकतं. 'कॉमन'मधला स्टॅटिक फायनल (कायम ठरलेला) आकडा जावाचा कंपायलर वापरणाऱ्या क्लासमध्येच कोरून ठेवतो. एकटा 'कॉमन' बांधून जार बदलला, तरी 'वेब' जुनाच आकडा दाखवत राहतो.

बिल्ड जिथे फुटला त्या मोड्यूलपासून पुढे चालू करणारा '-आरएफ' सोयीचा आहे. गाडी रबाळ्याला अडकली तर पुन्हा ठाण्यापासून बसायला नको. पण आधीचे मोड्यूल 'इन्स्टॉल' (डॉट-एमटूमध्ये ठेवणं) न करता नुसते 'पॅकेज' (जार बनवणं) केले असतील, तर इथेही जुने जार गळ्यात येतात किंवा काहीच सापडत नाही.

'-टी १सी' प्रोसेसरच्या दर कोअरला एक थ्रेड देतो, म्हणजे अनेक मोड्यूल एकाच वेळी बांधले जातात. मोड्यूल एकाच साखळीत ओवलेले असतील तर फायदा जवळजवळ शून्य. आधी साखळी तोडा, मग थ्रेड वाढवा.

ग्रेडल हा दुसरा बिल्ड टूल इथे सरस आहे: 'कॉमन'मध्ये मेथडच्या आतला कोडच बदलला असेल, तर त्यावर अवलंबून असलेले मोड्यूल तो पुन्हा कंपाइल करत नाही. पण पाच-सात मोड्यूलसाठी सगळ्या पॉम फाइली नव्याने लिहायचा खटाटोप परवडत नाही. पाचपैकी साडेतीन तारे. कापलेल्या दीडपैकी अर्धा गेला तो त्या जुन्या जारपायी.