जुन्या रेडिओवाल्यांचा न्यूजग्रुप कशातून वाचावा?

व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्याचा नाद ज्याला आहे, त्याला यूझनेटवरचा, म्हणजे इंटरनेटवरच्या जाहीर चर्चागटांच्या जुन्या जाळ्यातला, ‘रेक.अँटिक्स.रेडिओ+फोनो’ हा ग्रुप माहीत हवाच. यूझनेट हे १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून निघालेलं प्रकरण. ते एका कंपनीच्या मालकीचं नाही. एका सर्व्हरवर टाकलेला मजकूर बाकीचे सर्व्हर एकमेकांकडून उचलतात. त्यामुळे तोच ग्रुप हव्या त्या दाराने वाचता येतो, फक्त दार नीट निवडावं लागतं.

बहुतेकांना माहीत असलेलं दार म्हणजे गूगल ग्रुप्स. पण २२ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूझनेटचा नवा मजकूर येणं बंद झालं, तिथून लिहिताही येत नाही. जुनं मात्र आहे, शोधताही येतं. यूझनेटचे निरोप साठवणाऱ्या ‘डेजान्यूज’ या साइटचा साठा गूगलने २००१ साली विकत घेतला होता, त्यामुळे नव्वदच्या दशकातली बोलणी तिथे सापडतात. रेडिओ ७० वर्षांपूर्वीचा असेल तर उत्तर २५ वर्षांपूर्वीचं असलं म्हणून काय बिघडलं? मला तरी जुनीच उत्तरं जास्त कामाला येतात.

अडचण वेगळीच आहे. या ग्रुपांवर चित्र चिकटवायची सोय नसे, म्हणून मंडळी सर्किट अक्षरांतच काढत. आडव्या रेघा, उभ्या रेघा, जोडाच्या ठिकाणी अधिकचं चिन्ह. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा कपलिंग कंडेन्सर लीक झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, आवाज फाटतो आणि व्हॉल्व्ह तापून मरतो. मीटर नेमका कुठे लावायचा, हे असल्याच एखाद्या नकाशात दाखवलेलं असतं. प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असेल तरच तो नकाशा उभा राहतो. ब्राउझरच्या नेहमीच्या फाँटमध्ये रेघा सरकतात आणि कंडेन्सर भलत्याच तारेला जाऊन चिकटतो. अशा वेळी मजकूर उचलून नोटपॅडमध्ये टाकायचा, फाँट कुरियर ठेवायचा. चालतं, पण रोज कोण करणार?

म्हणून न्यूजरीडर, म्हणजे हे ग्रुप वाचायचा प्रोग्रॅम. त्याआधी सर्व्हर लागतो. ‘इटर्नल सप्टेंबर’ फुकट आहे, नोंदणी केली की नाव-पासवर्ड मिळतो, मजकुराचे ग्रुप सगळे असतात, फायलींचे नसतात. आपल्याला तेवढं पुरे. ‘इंडिव्हिज्युअल.नेट’ वर्षाला १० युरो घेतं, तेही मजकुरापुरतंच. महिन्याचे पैसे घेऊन शेकडो जीबी देणाऱ्या कंपन्या मोठमोठ्या फायली उतरवणाऱ्यांसाठी असतात. कंडेन्सरच्या गप्पा वाचायला त्यांच्या वाटेला जाऊ नका.

नवख्याने थंडरबर्डपासून सुरुवात करावी. मेलसाठी तो असेलच, त्यातच न्यूजग्रुपचं खातं उघडायचं, पोर्ट ५६३, एसएसएल चालू. ग्रुप पहिल्यांदा उघडला की किती शीर्षकं उतरवू म्हणून विचारतो, ५०० आधीच भरलेलं असतं. हल्ली या ग्रुपवर वर्दळ तुरळक आहे, तेव्हा तेवढ्यात पोट भरतं. साध्या मजकुराला सारख्या रुंदीचा फाँट द्यायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती आधी बघा. वादावादीचा धागा दिसला की कीबोर्डवरचं ‘के’ दाबायचं, अख्खा धागा गप्प. फक्त मोबाइलवरच्या थंडरबर्डमध्ये न्यूजग्रुप नाहीत, शोधत बसू नका.

माझी पसंती पॅन या न्यूजरीडरला. दिसायला जुनाट, पण निव्वळ याच कामासाठी बनवलेला. स्पेसबार दाबत राहायचं, एक निरोप संपला की पुढचा न वाचलेला आपोआप उघडतो. डाव्या हातात चहाचा कप आणि उजव्याचा अंगठा स्पेसबारवर, एवढ्यात सकाळ उरकते. मोनोस्पेस फाँट मेनूतून एका टिचकीत. आणि स्कोअरिंग! कुणी राजकारण घेऊन आला की त्याला उणे ९९९९ द्या, पुन्हा दर्शन नाही. ज्यांच्या उत्तरांत खरंच दम असतो त्यांना वाढीव गुण द्या, ते वर येतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर असलं काही असतं तर!

टर्मिनलवाल्यांसाठी, म्हणजे कमांड टाइप करून काम करणाऱ्यांसाठी, एसएलआरएन हा न्यूजरीडर आहे. वेगवान आहे, त्यात नकाशेही सुरेख दिसतात, कारण टर्मिनलचा फाँट मुळातच सारख्या रुंदीचा. पण बारीकसारीक स्कोअरिंग हवं तर स्कोअरची फाइल हाताने लिहावी लागते. ज्याला विम हा टर्मिनलमधला एडिटर येतो त्याने जावं त्या वाटेला. मी पॅनवर खूश आहे.

एक शेवटचं. खातं उघडताना ‘पाठवणारा’ या रकान्यात खरा ईमेल घालू नका. तिथे लिहिलेलं जगभरच्या सर्व्हरांवर जातं आणि परत घेता येत नाही. पत्त्याच्या शेवटी ‘.इनव्हॅलिड’ लावायची तिथली जुनी रीत आहे, तीच पाळा. उत्तर तसंही ग्रुपवरच मिळतं.