गड्डीगोदामजवळचे भाड्याचे घर आणि ते मिळवून देणारी एजन्सी: दोन करारांनंतरचा अभिप्राय

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा आमचे तळमजल्यावरचे भाड्याचे घरही त्यात सापडले. पाणी ओसरल्यावर दिवाण, फ्रीज, मुलीची पुस्तके आणि सासूबाईंची वर्षभराची डाळ उचलून बाहेर टाकावी लागली. त्या आठवड्यात आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पुढचे घर तळमजल्यावर घ्यायचे नाही, नाल्याला लागून घ्यायचे नाही आणि यजमानांना बुटीबोरीला कामावर जाण्यासाठी खापरीपर्यंत मेट्रो मिळाली पाहिजे. घर शोधायला तीन महिने लागले. त्या शोधाबद्दल, शेवटी ज्या एजन्सीमार्फत घर मिळाले तिच्याबद्दल आणि आज आम्ही राहतो त्या भागाबद्दल मी सविस्तर लिहीत आहे. एजन्सीचे नाव देत नाही, कारण तिच्याविषयी तक्रारही लिहायची आहे आणि ती तक्रार केवळ तिच्या एकटीची नाही.

आमच्या शहरात किरायाने घर मागणाऱ्याला फोनवर पहिला प्रश्न विचारला जातो तो आडनावाचा, आणि दुसरा नॉनव्हेजचा. पहिल्या दीड महिन्यात आम्ही पश्चिम व दक्षिण नागपुरातली अकरा घरे पाहिली. त्यांपैकी एका ठिकाणी घर पसंत पडले, भाडे ठरले, चावी कधी द्यायची तेही ठरले. संध्याकाळी आडनाव सांगितल्यावर मात्र घरमालकांनी, पुण्याचा भाचा राहायला येतो आहे, असे कळवले. त्याच घराची पाटी पुढे महिनाभर फाटकावर लटकत होती. मुलगी तेव्हा आठवीत होती आणि ती पाटी तिच्या शाळेच्या वाटेवर होती. हे लिहिताना आजही हात जड होतो, आणि ज्यांना असा प्रश्न कधी विचारला गेला नाही त्यांना त्याचे वजन कळावे एवढ्यासाठीच मी तो येथे नोंदवते आहे.

सदर भागातल्या या छोट्या एजन्सीत गेलो तेव्हा टेबलामागे बसलेल्या बाईंनी वही उघडून विचारले, "घरात माणसे किती? जिना कोणाला जड जातो?" सासूबाईंच्या गुडघ्याचे सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या मजल्यावरची तीन घरे यादीतून तिथेच खोडली. बुटीबोरीचे ऐकून त्यांनी जरीपटक्याचे एक चांगले घरही बाजूला ठेवले, कारण तिथून इंदोरा चौकाच्या मेट्रो स्टेशनला रोज रिक्षा करावी लागली असती. पाण्याच्या भीतीचे ऐकल्यावर मात्र त्या थांबल्या आणि पिवळ्या नदीच्या अंगाच्या वस्त्या टाळू या, असे स्वतःहून म्हणाल्या. आडनाव त्यांनी विचारले, पण ते करारनाम्यावर घालण्यासाठी, घर पसंत पडल्यानंतर. गड्डीगोदामजवळच्या मोहननगरातले पहिल्या मजल्यावरचे हे घर त्यांनी आम्हाला डिसेंबरच्या एका सकाळी साडेसहाला दाखवले. वेळ मुद्दाम तीच निवडली होती. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी नळ सोडला, कट्ट्यावरचा स्टीलचा पेला त्याखाली धरला, तो भरेपर्यंत मनात मोजले आणि म्हणाल्या, "दाब ठीक आहे, पण साडेसातला जातो. टाकी भरून घ्यावी लागेल." आजपर्यंत इतर कोणत्याही दलालाने आम्हाला पाण्याची वेळ स्वतःहून सांगितली नव्हती.

कागदपत्रांच्या बाबतीतही एजन्सी चोख निघाली. भाडे १४,००० रुपये आणि डिपॉझिट तीन महिन्यांचे ठरले. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी त्यांनी ऑनलाइन केली आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन त्यांचा मुलगा घरी आला, त्यामुळे सासूबाईंना साक्षीसाठी कुठे जावे लागले नाही. नोंदणी करायची की नाही, असा प्रश्न अनेक घरमालक अजूनही विचारतात, म्हणून सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि ती केली नसेल तर अटींविषयी वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. खर्चही फार नाही. महापालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे आणि मुद्रांक शुल्क एकूण भाडे व डिपॉझिटवरील दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का बसते. आमचे ते सुमारे ४०० रुपये झाले. पहिल्या मसुद्यात घरमालकाने एक महिन्याची सूचना द्यायची आणि भाडेकरूने मात्र अकरा महिने बांधून घ्यायचे, अशी एकतर्फी अट होती. मी हरकत घेतल्यावर बाईंनी घरमालकांशी बोलून ती दोन्ही बाजूंनी एक महिना अशी करून घेतली.

आता तक्रार. घर डिसेंबरात पाहिले होते. नागपुरात घर डिसेंबरात पाहणे म्हणजे अर्धेच पाहणे, हे आम्हाला ठाऊक असायला हवे होते आणि एजन्सीला तर नक्कीच. मोठ्या खोलीची एकुलती एक खिडकी पश्चिमेला आहे आणि तिला बाहेरून पक्की जाळी ठोकलेली होती, त्यामुळे कूलर लावायला जागाच नव्हती. मार्चच्या अखेरीस कूलर माळ्यावरून काढला तेव्हा हे लक्षात आले. एप्रिलभर तो खोलीत आतच ठेवून चालवला. बाहेरची कोरडी हवा ओढायला न मिळाल्याने घरात नुसती दमट वाफ कोंडली आणि अंथरुणे ओलसर लागू लागली. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस, सुरू व्हायच्या आत घरमालक अंकलनी वेल्डर बोलावून जाळी कापून दिली. खर्च त्यांनी केला, मनस्ताप मात्र आम्ही काढला. पाण्याचा दाब पेल्याने मोजणाऱ्या बाईंनी खिडकीकडे का पाहिले नाही, हे मी त्यांना विचारले. त्यांनी चूक मान्य केली. तरीही पहिल्या वेळची एक महिन्याच्या भाड्याएवढी दलाली त्यांनी पुरती घेतली होती, आणि दुसऱ्या करारासाठी, भाड्याचा आकडा १४,७०० करून बाकी मसुदा तोच असताना, ३,००० रुपये वेगळे मागितले. भाडेकरू आणि घरमालक यांचे चांगले जमलेले असताना दर अकरा महिन्यांनी मध्ये कोणीतरी पैसे घ्यावेत, हे मला पटत नाही. दुसरी नोंदणी आम्ही दोघांनी मिळून त्यांच्याशिवाय केली.

भागाविषयी सांगायचे तर, महापालिकेच्या दहा झोनांपैकी मंगळवारी झोन आणि त्याला लागून कामठी रोडने उत्तरेकडे जाणारा पट्टा यांत जितक्या तऱ्हेची माणसे शेजारी राहतात तितकी नागपुरात क्वचितच दिसतात. एका बाजूला सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल, दुसरीकडे गड्डीगोदामचा गुरुद्वारा, सदरमध्ये अंजुमनच्या शिक्षणसंस्था आणि १८६२ पासूनची बिशप कॉटन शाळा, पुढे इंदोऱ्याचे बुद्धविहार, आणि त्याच्याही पुढे फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभे केलेले जरीपटका. आमचे घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले तेलुगू ख्रिश्चन आहेत, वरच्या मजल्यावर सिंधी कुटुंब आहे आणि समोर एक शाळामास्तर राहतात. १४ एप्रिलला ते पहाटेच पांढरे कपडे घालून निघतात आणि येताना सगळ्यांसाठी पेढे आणतात. जिन्यात हिंदी चालते, गच्चीवर जो तो आपापली भाषा बोलतो.

गच्चीचे जरा जास्त सांगावेसे वाटते. एप्रिलमध्ये सासूबाईंना कुरडया आणि सरगुंडे वाळवायचे होते. जुन्या घरी गच्चीला कुलूप असे. येथे घरमालकीण आंटींनी खडूने गच्चीची चार हिश्श्यांत वाटणी करून दिली, आणि आपल्या हिश्श्यात मिरच्या पसरल्या. सासूबाईंचा चीक ढवळताना हात भरून आला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या भाभींनी कालथा हातात घेतला. कुरडईचा चीक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता, म्हणून तो थोडा खाली लागलाही. सासूबाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या हातून लागला असता तर बोलल्या असत्या. पुढच्या रविवारी भाभींनी दाल पकवान पाठवले. आमच्या स्वयंपाकघरात काय शिजते, हे आजवर कोणी विचारलेले नाही, आणि आमच्याकडे मंगळवारी बाजारातली मासळी आली की अंकलना वास लागून तेच चौकशी करतात.

भागाच्या उणिवाही आहेत. कामठी रोडवरच्या वाहनांचा आवाज रात्री अकरापर्यंत थांबत नाही. आम्ही आलो तेव्हा उड्डाणपुलाचे काम चालू होते आणि खिडकीच्या चौकटीवर रोज धूळ बसे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो पूल खुला झाल्यावर खालची गर्दी बरीच हलकी झाली. गड्डीगोदामला आता खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो असे चार थर आहेत, आणि मुलीला पाहुण्यांना ते दाखवायला फार आवडते. मेट्रोचा हा उत्तरेकडचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ पासून चालू आहे. यजमान गड्डीगोदाम चौकात बसतात, खापरीला उतरतात आणि तिथून कंपनीची बस घेतात. दुचाकीवर जाणारा त्यांचा वेळ आणि पाठदुखी दोन्ही कमी झाल्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीहून कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बुद्धविहाराकडे जाणाऱ्यांची रीघ लागते, तेव्हा त्या दिवशी गाडी काढायचा विचार करू नये. रविवारच्या घंटा आणि पहाटेची अजान यांची आम्हाला आठवडाभरात सवय झाली. ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी आधी एक पहाट येथे काढून पाहावी.

सध्या आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूचे घर रिकामे होते आहे. त्याची खिडकी उत्तरेला आहे आणि कूलरचा लोखंडी स्टँड आधीच बसवलेला आहे. पाणी मात्र तिथे सव्वासातलाच बारीक होते आणि जिना उंच पायऱ्यांचा आहे. पाहायला यायचे असेल त्यांनी एकदा सकाळी साडेसहाला आणि एकदा दुपारी तीनला यावे. आंटी दोन्ही वेळा घरी असतात.