चार कॉइलचे बिल, बदलली एकच

"जुने पार्ट मागून घ्या, मग गॅरेजवाला फसवू शकत नाही," असे जो तो सांगतो. मी मागून घेतले होते. खोक्यात घालून, वर सुतळी बांधून त्यांनी हसतमुखाने दिलेही. ते माझ्या गाडीचे नव्हतेच.

गाडी २०१७ ची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. मी फोंड्याहून पणजीला शाळेत शिकवायला जाते. पावसाळा सरत आला तेव्हा गाडी मिसिंग मारू लागली, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेट घेईना. सकाळी थंड इंजिनावर काहीच नाही. परतीच्या वाटेवर बाणस्तारीच्या पुलाजवळ रांगेत इंजिन तापले की बोनेट थरथरायचे, आणि फर्मागुडीच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरलाही कुरकुरायची. चेक इंजिनचा दिवा आधी नुसता लागायचा, पुढे चढावर लुकलुकू लागला. हा लुकलुकणारा दिवा गांभीर्याने घ्यायचा असतो. एखाद्या सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, तो तापून निकामी होतो, आणि त्याच्या किमतीपुढे प्लगला ठिणगी देणारी कॉइल काहीच नाही.

म्हणून वाटेतल्याच एका मोठ्या, काचेच्या ऑफिसच्या गॅरेजमध्ये गाडी लावली. स्कॅनर लावला, पडद्यावर बिघाडाचा एकच कोड आला: पी-०३०२. मी फोनवर त्याचा फोटो काढला. माणूस म्हणाला, "मॅडम, इग्निशन कॉइल गेल्या. चारही बदलाव्या लागतील, नाहीतर उद्या दुसरी जाणार. मिस्टरांना फोन लावून विचारता का?" गाडी माझी, पैसे माझे, मिस्टरांना कशाला, असे विचारल्यावर त्याने विषय बदलला.

त्या कोडमध्ये सगळे उत्तर होते. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी-०३०२ म्हणजे फक्त दोन नंबरचा सिलिंडर पेट घेत नाही. चारही सिलिंडरांमध्ये गडबड असती तर साधारणपणे पी-०३०० आला असता. हे मला नंतर फोंड्याजवळच्या कुर्टीच्या एका मेकॅनिकने समजावले; त्याची मुलगी माझ्या वर्गात होती.

संध्याकाळी गाडी मिळाली, सोबत हाताने लिहिलेले बिल: चार ओरिजिनल कॉइल १२,८००, चार प्लग १,८००, इंजेक्टर क्लिनिंग २,४००, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग १,२००, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) प्रोग्रामिंग २,५००, मजुरी २,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ४,०८६. एकूण २६,७८६ रुपये. जीएसटी नंबर मात्र बिलावर कुठेच नव्हता. "कॉम्प्युटर बंद आहे, पक्के बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो," म्हणाला. कर घेताना कॉम्प्युटर लागला नाही.

पुढचे काही दिवस गाडी सुतासारखी सरळ चालली. मग एका दमट दुपारी त्याच बाणस्तारीला तीच थरथर, तोच दिवा.

कुर्टीच्या मेकॅनिकने आधी कोड वाचला. पुन्हा पी-०३०२. मग इंजिन पूर्ण थंड होऊ दिले आणि मला शेजारी उभे केले. "बाई, बघून घ्या, लपवण्यासारखे काही नाही." प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कॉइल बसलेली असते, एका बोल्टने धरलेली. बॅटरीचे १२ व्होल्ट घेऊन ती हजारो व्होल्टची ठिणगी पाडते. आतले इन्सुलेशन उष्णतेने तडकले किंवा खालच्या रबरी बुटाला चीर गेली, की ठिणगी प्लगवर न पडता बाजूच्या लोखंडाकडे पळते. थंड असताना कॉइल धड वाटते आणि तापली की दगा देते, त्याचे कारण हे. आपल्याकडच्या दमट हवेने त्यात भरच पडते, आणि पाण्याचा जोरदार फवारा मारून इंजिन धुवायची हौस असेल तर विचारूच नका.

त्याने दोन नंबरची कॉइल काढून तीनवर लावली, तीनची दोनवर. कोड पुसला आणि आम्ही फर्मागुडीला एक फेरी मारून आलो. आता कोड आला पी-०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. तो दोनवरच राहिला असता तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन तपासायचे. या अदलाबदलीला एकही नवा पार्ट लागत नाही. काही जुने कारागीर चालू इंजिनवर एकेका कॉइलचा कनेक्टर उपटून बघतात, ते करू देऊ नका. झटका बसू शकतो, आणि न जळलेले पेट्रोल पुन्हा त्या कन्व्हर्टरमध्येच जाते.

मग त्याने चारही कॉइल फडक्यावर मांडल्या. तिघांवर एकच पार्ट नंबर, उत्पादनाचे साल गाडीचेच, आणि वरून पॉलिश मारून चकाकवलेले प्लास्टिक. चौथीवर ना नंबर, ना कंपनीचे नाव. म्हणजे नवी फक्त एक, तीही बिनानावाची, आणि तीच पुन्हा गेली होती. प्लग तर बदललेच नव्हते: टोके झिजून गोल, आणि फीलर गेजने मोजले तर फट १.५ मिलिमीटर, जिथे माझ्या गाडीला १.१ च्या आत हवी. फट वाढली की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते आणि कॉइलवर ताण येतो. स्वस्त कॉइल इतक्या लवकर का मेली याचेही उत्तर मिळाले.

तेवढ्यात मला डिकीतले खोके आठवले. उघडले. आत चार कॉइल, दोन पिनांच्या. माझ्या गाडीच्या कॉइलना तीन पिना. मेकॅनिक हसला. अशी भंगार कॉइलची खोकी काही ठिकाणी तयारच ठेवलेली असतात, बिल फाडले की हातात द्यायला. आणि ईसीएम प्रोग्रामिंग? माझ्या गाडीला साधी कॉइल बदलल्यावर ते लागतच नाही. त्यांनी केले ते फक्त कोड पुसणे.

पार्टच्या दुकानातून एमआरपीचे लेबल असलेली एक कॉइल २,३५० ला, चार प्लग १,१२० ला, त्याची मजुरी ४००. झाले ३,८७०. महिने झाले, थरथर नाही.

म्हणून आता गाडी टाकण्याआधी मी पार्टवर नेलपॉलिशचा ठिपका देते आणि पार्ट नंबरसकट फोटो काढते. ठिपका नसलेला जुना पार्ट घेत नाही. नव्याचे खोके माझ्यासमोर फोडायचे. बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी नंबर बघते. गोव्यातल्या नोंदणीचा असेल तर तो ३० ने सुरू होतो. नंबर नसेल तर कर देत नाही. आणि चार कॉइल म्हणणाऱ्याला एकच प्रश्न: कोड कुठला आला?

त्या गॅरेजमध्ये मी परत गेले, स्क्रीनचा फोटो, तिन्ही जुन्या कॉइलचे फोटो आणि दोन पिनांचे खोके घेऊन. मालक आधी पोरांवर घसरला, मग "पात्रांव, गाडी परत आणा, फुकट करून देतो" वर आला. (पात्रांव म्हणजे मालक, पुरुषांना म्हणतात; मला पात्रांव, हेही नवीनच.) मी पक्के बिल मागितले आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर फोनवर लावून दाखवला. मग तीन कॉइल आणि प्रोग्रामिंगचे मिळून १२,००० यूपीआयने आले. प्लगचे आणि कराचे नाही. वर "माझी काही तक्रार नाही" असे लिहून मागितले. मी लिहिले, "१२,००० रुपये मिळाले, उरलेले येणे बाकी," तारीख घातली आणि त्याचीही सही घेतली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते आणि एवढ्या लहान रकमेला फी लागत नाही. हेल्पलाइनवरची तक्रार त्याच रात्री नोंदवली; तो कागद तिला जोडला आहे.