सार्थ ज्ञानेश्वरी, मोठा टाईप: चार स्टार, एक बाइंडिंगचा कापला

आईसाठी घेतली. घरात आजीची जुनी पोथी आहे पण तिच्यात नुसत्या ओव्या, अर्थ नाही, आणि आईचं म्हणणं आयुष्यभर पारायणं केली आता माउली काय म्हणतात ते जरा कळू दे की. याआधी एक स्वस्तातली प्रत दुसरीकडून मागवलेली, तिच्याबद्दल आधी सांगतो कारण तिच्यामुळंच हिची किंमत कळली.

त्या प्रतीत ओव्यांवरची टिंबं गायब. म्हणजे सगळी नाही, मनाला येईल तिथं आहेत, नाही तिथं नाहीत. आता तुम्ही म्हणाल टिंबाचं काय घेऊन बसलाय, 1962 च्या नियमांनंतर न उच्चारायची टिंबं आपण सोडूनच दिली. आपल्या लिहिण्यात ठीक आहे ओ, पण ज्ञानेश्वरीत त्या एका टिंबात अख्खी विभक्ती बसलेली असते. अगदी शेवटी ते शके 1212 चं येतं बघा (म्हणजे इसवी सन 1290), तिथं "तैं टीका केली ज्ञानेश्वरें" असं आहे. ज्ञानेश्वरें म्हणजे ज्ञानेश्वरांनी, आणि टीका म्हणजे इथं गीतेवरचं विवेचन. टिंब काढलं की नाव नुसतं लोंबकळत राहतं, टीका कुणी केली ते वाचणाऱ्यानं ताडायचं. आणि वर कहर म्हणजे "माझा मराठाचि बोलु" मधला बोलु पण सुधारून 'बोल' करून टाकलेला! एकनाथांनी 1584 साली सगळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत केली आणि वर बजावून ठेवलं की यात कुणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवल्यासारखी. छापखान्यात हे कुणी वाचलेलं दिसत नाही.

तर ही प्रत. टिंबं जागच्या जागी (मी सहावा आणि नववा अध्याय आजीच्या पोथीशी लावून बघितला, दोनच ठिकाणी चूक सापडली), ओवीचे चार चरण मोकळे छापलेत, त्यामुळं पहिल्या तीन चरणांचं यमक आणि मग तो चौथा आखूड चरण डोळ्यालाच दिसतो आणि आईची म्हणायची चाल मोडत नाही. अर्थ लगेच ओवीखाली, पानं उलटायची गरज नाही. अवघड शब्द तळाला दिलेत ते तर बेस्ट. सहाव्या अध्यायात आहे बघा, ऐकणाऱ्याच्या कानांनाच जिभा फुटतात आणि "बोलें इंद्रियां लागे कळंबा". आम्हा कोल्हापूरकरांना कळंबा म्हटलं की तलाव नाहीतर जेल, मी बराच वेळ हसत होतो. इथं कळंबा म्हणजे भांडण, बोल ऐकून सगळी इंद्रियं एकमेकांत भांडायला लागतात की हे माझं, हे माझं. तसंच 'कां'. आपण वाचतो प्रश्न म्हणून, तिथं बऱ्याचदा तो 'किंवा' असतो, हे नसलं ध्यानात तर दृष्टांतांची सगळी माळच उलटी पडते, आणि गीतेच्या 700 श्लोकांवर नऊ हजार ओव्या होतात त्या दृष्टांतांमुळंच तर.

आता तक्रार. खालचा अर्थ लिहिणाऱ्यानं फार जड मराठी वापरलंय. वरच्या कळंब्याचा अर्थ काय दिलाय तर "इंद्रियांमध्ये परस्पर कलह उत्पन्न होतो". आई म्हणाली, अरे ओवी कळली, आता या अर्थाचा अर्थ सांग. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसानं आपल्यासारख्यांना कळावं म्हणून लेकराला घास भरवल्यासारखं लिहायचं आणि आजच्या माणसानं ते परत संस्कृतात नेऊन ठेवायचं, हे काय मला झेपलं नाही. शिवाय कुठला पाठ (म्हणजे कुठल्या जुन्या प्रतीतल्या ओव्या) घेतलाय ते प्रस्तावनेत एका ओळीनं तरी सांगायचं. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1909 ला छापलेल्या जुन्या प्रतीतली भाषा आणि ही वेगळी पडते, पारायणवाल्यांचं काही अडत नाही पण ज्याला भाषेसाठी वाचायचंय त्याला लागतं ते.

कागद बरा, पिवळट, डोळ्याला त्रास नाही. बाइंडिंग मात्र बोगस, महिन्याभरात तेरावा अध्याय सुटून हातात आला (वजन पण जबरी आहे, पोथीचं लाकडी स्टँड असेल तरच घ्या). महाद्वार रोडवर एकाकडून 120 रुपयात दोऱ्याची शिलाई मारून घेतली आणि आता आई रोज पन्नास ओव्या वाचतीये, खालचा अर्थ हातानं झाकून.