गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा 16 महिन्यांचा अनुभव: कोट, गळती आणि पेन्सिलीच्या रेघा

काम झालं त्याला आता 16 महिने झाले. मुद्दाम एवढी थांबले. वॉटरप्रूफिंग झाल्याच्या आठवड्यात लिहिलं असतं तर फक्त कौतुकच लिहिलं असतं, कारण तेव्हा गच्ची पांढरीशुभ्र दिसत होती, माणसं वेळेवर आली होती आणि जाताना सगळं झाडून गेली होती. आता दुसरा पावसाळा निम्म्याहून जास्त सरलाय. मधल्या काळात कंत्राटदाराशी जवळपास 5 महिने वाद झाला. त्याचं नाव मी लिहिणार नाही. काम काय झालं आणि पाणी कुठून आलं, एवढंच सांगायचंय.

गच्ची सपाट आहे, साधारण 80 चौरस मीटर. जुना कोबा बऱ्यापैकी शाबूत होता, बारीक तडे होते. ठरलं ते असं: तडे चिरून भरायचे, कठड्याच्या कडेने वाटा (भिंत आणि जमीन मिळतात तिथे सिमेंटचा गोलसर उतार) मारायचा, आणि वरून ॲक्रिलिक कोटाचे दोन हात, मध्ये फायबरची जाळी. हमी 10 वर्षांची. हमीचा कागद मी तेव्हा नीट वाचला नाही, ही माझी चूक. त्यात हमी होती ती रसायनाची. सांधे, पाइपांची तोंडं आणि 'इमारतीच्या हालचालीमुळे पडणारे तडे' वगळलेले होते. गच्ची गळते ती बहुतेक वेळा याच ठिकाणी. सपाट मोकळ्या भागातून पाणी उतरण्याचं प्रमाण त्या मानाने कमी असतं.

पहिले तीन आठवडे पाऊस पडला तरी काही झालं नाही. मग दोन दिवस संततधार लागली आणि दुसऱ्या रात्री सासूबाईंनी हाक मारली. त्यांच्या खोलीत छताच्या दिव्याच्या पाटीतून पाणी ठिबकत होतं. सगळ्यात आधी त्या खोलीचा वीजपुरवठा मेन बोर्डावरून बंद केला. दिव्याच्या तोंडातून पाणी येत असेल तर बादली नंतर, वीज आधी. सकाळी पाहिलं तर कोपऱ्यातल्या भिंतीवर हातभर ओल उतरली होती आणि भिंतीला टेकून असलेल्या कपाटाची मागची फळी फुगून तिचे पदर सुटले होते. खालच्या कप्प्यात सासऱ्यांची पत्रं होती. आईंनी ती एकेक करून चादरीवर पसरली, शाई पसरलेली वेगळी, वाचता येणारी वेगळी. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. नुकसानीचा हिशेब मांडताना हे कुठल्या रकान्यात लिहायचं, मला आजही कळत नाही.

कंत्राटदार दोन दिवसांनी आला. गच्चीवर एक फेरी मारली, खाली येऊन भिंतीला हात लावला आणि म्हणाला, "ताई, गच्ची माझी एकदम टाइट आहे. हे तुमच्या टाकीच्या पाइपाचं पाणी आहे." टाकीचा पाइप खरंच त्याच भिंतीतून खाली येतो, त्यामुळे मला लगेच उत्तर देता आलं नाही. पुढच्या फेरीला तो म्हणाला की हे दमट हवेचं पाणी आहे, थंड भिंतीवर धरतं. त्यानंतर फोन उचलणं कमी झालं.

इथून मी वही घातली. पाऊस कधी सुरू झाला, कधी थांबला, ओल कधी वाढली, रोज लिहायचं. आणि भिंतीवर ओलीच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख आणि वेळ. तीन आठवड्यांत त्या कोपऱ्यात एकात एक अशा 11 रेघा झाल्या. त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसली: रेघ पुढे सरकायची ती जोराच्या पावसानंतर 5 ते 6 तासांनी. कोरड्या दिवसांत ती जागची हलत नव्हती. दाबाखालचा पाइप गळत असता तर त्याने पाऊस पाहिला नसता. तरी खात्रीसाठी एका रात्री टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून घरातले सगळे नळ बंद केले, टाकीत पाणी येण्याची वाटही बंद केली, आणि टाकीतल्या पातळीवर खूण केली. सकाळी पातळी तिथेच. दमट हवेचं म्हणावं तर ते सबंध थंड भिंतीवर पसरून धरतं, एका कोपऱ्यातून ओघळत नाही.

वहीची पानं आणि भिंतीचे फोटो पाठवले. उत्तर आलं, "बघतो."

मग मी वेगळ्या दिशेला गेले आणि तिथे माझंही चुकलं, तेही लिहायला हवं. गच्चीवर उन्हाने कोटाला ठिकठिकाणी फोड आले होते. एक फोड नखाने उचलला तर कोट सायीसारखा निघून आला. व्हर्नियर कॅलिपरने जाडी मोजली. कुठे 0.4 मिलिमीटर, कुठे 0.5. त्या रसायनाच्या माहितीपत्रकात वाळल्यावर किमान 1 मिलिमीटर जाडी मागितली होती. मग कामाच्या दिवशी काढलेल्या फोटोंमधले रिकामे डबे मोजले. 20 लिटरचे 4 डबे, म्हणजे 80 लिटर. 80 चौरस मीटरवर 80 लिटर पसरलं की ओला थर बरोबर 1 मिलिमीटरचा होतो. पत्रकानुसार त्या रसायनात घन भाग आकारमानाने निम्मा, म्हणून वाळल्यावर उरणार अर्धा मिलिमीटर. ठरल्याप्रमाणे 8 डबे लागले असते, कठड्यावर चढवायचा थर वेगळाच. हा हिशेब मांडताना मला खूप राग आला. माणूस वेळेवर येतो, गोड बोलतो, आणि निम्मं सामान वापरून पूर्ण कामाचे पैसे नेतो.

फोडांचं कारणही तेव्हाच समजलं. त्यांनी आदल्या संध्याकाळी गच्ची धुतली होती आणि सकाळी कोट मारला होता. वरून कोरडी दिसली तरी कोब्याच्या पोटात ओल असते. ती उन्हाने वाफ होऊन वर यायला बघते आणि कोट उचलते. हे तपासणं अगदी सोपं आहे. हात-दीड हात चौकोनी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने लावून 16 तास ठेवायचा. खालून थेंब धरले किंवा कोबा काळपट दिसला तर थांबायचं. कुणीही करू शकतं, आणि आमच्याकडे कुणी केलं नाही.

तर मी डबे आणि जाडी घेऊन त्याच्याशी भांडत बसले, आणि तो 'पातळ असला तरी गळत नाही' म्हणून अडून बसला. यात दीड महिना गेला. एका ओळखीच्या स्थापत्य अभियंत्या बाईंनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "कोट पातळ आहे हे खरं. पण पाणी तिथूनच आलंय हे तुम्ही कुठे दाखवलंय?" मला तेव्हा ते आवडलं नाही. पण त्यांचं बरोबर होतं.

त्यांनी सांगितली ती पाणी कोंडून पाहण्याची चाचणी. सबंध गच्ची एकदम भरायची नाही. एक तर वजन: 50 मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला 50 किलो, 80 चौरस मीटरला 4,000 किलो. स्लॅब ते झेलेल का, हे जाणकाराला विचारल्याशिवाय करूच नये. आणि दुसरं, सगळीकडे पाणी भरलं आणि खाली गळलं, तर कुठून गळलं ते कळणारच नाही. स्लॅबमध्ये पाणी एका ठिकाणी शिरतं, सळईच्या किंवा तड्याच्या कडेने सरकतं आणि दुसरीकडेच बाहेर पडतं. म्हणून गच्चीचे भाग पाडून एकेक तपासायचा.

कंत्राटदाराला तारीख कळवली आणि लिहिलं की तुमच्यासमोर करायचंय, तुम्ही म्हणाल तिथून सुरुवात करू. या वेळी तो आला, सोबत त्याचा वयस्कर मिस्त्री. मातीच्या पिशव्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांध घातला. पहिल्या दिवशी मधला मोकळा भाग, 40 मिलिमीटर पाणी, 24 तास. खाली काही नाही. म्हणजे तो पातळ कोट तिथे तरी पाणी धरत होता. कंत्राटदाराने माझ्याकडे पाहिलं, मी मान्य केलं. दुसऱ्या दिवशी कठड्याची बाजू. तिथेही काही नाही.

तिसऱ्या दिवशी पावसाच्या पाण्याचा पाइप जिथे गच्चीत उघडतो तो कोपरा. पाइपात आत, हातभर खाली, रबरी बूच बसवलं म्हणजे पाणी पाइपाच्या तोंडावर आणि भोवतीच्या सांध्यावर उभं राहील. त्या पाण्यात तपासणीचा हिरवा रंग घातला. मग आम्ही खाली आईंच्या खोलीत बसलो. मिस्त्री भिंतीपाशी स्टुलावर, हातात टॉर्च. साडेचार तासांनी तो म्हणाला, "साहेब, इकडे या." शेवटच्या पेन्सिल-रेघेच्या दोन बोटं वर, गिलाव्याच्या तड्यातून एक थेंब फुगत होता. त्याने पांढऱ्या फडक्याचं टोक लावलं. टोक हिरवं झालं.

त्यानंतर खोलीत कुणी आवाज चढवला नाही. कंत्राटदार वर गेला, पाइपाच्या तोंडावरची झाकणाची जाळी उचलली आणि स्वतःच बोट घालून दाखवलं. कोट जाळीच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता. पीव्हीसी पाइप आणि काँक्रीट यांच्यामध्ये केसाएवढी फट पूर्ण गोल फिरली होती. उन्हात पीव्हीसी काँक्रीटच्या साधारण पाचपट प्रसरण पावतं, रात्री आकसतं, त्यामुळे नुसत्या सिमेंटने भरलेला तो सांधा कधी ना कधी सुटणारच. भर म्हणजे तोंडाजवळ ढाळ उलटा होता, म्हणून पाऊस थांबल्यावरही तिथे डबकं राहायचं आणि फटीला तासन् तास पाणी मिळायचं. 5 ते 6 तासांचं कोडं तिथे सुटलं. मिस्त्री म्हणाला, "तोंड मी करायचो. त्या दिवशी पोरांवर सोडलं." हे त्याने मालकासमोर, घरमालकिणीला सांगितलं. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे.

तडजोड झाली ती कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी. पाइपाच्या तोंडाचं काम त्याने पूर्ण स्वतःच्या खर्चाने करायचं. सबंध गच्चीवर आणखी 4 डबे, सामान त्याचं, मजुरी माझी. आतल्या भिंतीचा गिलावा त्याने करून द्यायचा. कपाटाला त्याने नकार दिला आणि शेवटपर्यंत दिला. मी ते सोडलं, पण पटलेलं नाही. 5 महिने टोलवाटोलवी केली नसती तर ओल कपाटाच्या वरच्या कप्प्यांपर्यंत गेलीच नसती.

दुरुस्ती पावसाळा संपल्यावर, गच्ची वाळल्यावर केली. प्लास्टिकचा तुकडा या वेळी मी स्वतः लावला, दोनदा. पाइपाभोवती 300 मिलिमीटरचा चौकोन खोदला, आकसत नाही असं ग्राउट भरलं, ढाळ तोंडाकडे काढला, जाळी आणि कोट पाइपाच्या आत 50 मिलिमीटर उतरवला. कठड्यावर थर 150 मिलिमीटर चढवला. पहिला हात वाळल्यावर दुसरा आडवा. मी प्रत्येक डबा उघडताना वर होते. मला सारखं वर उभं राहायला लागणं बरं वाटलं नाही, त्यालाही नसावं. शेवटी तोंडाचा कोपरा पुन्हा 48 तास पाण्याखाली ठेवला आणि मगच राहिलेली रक्कम दिली. पहिल्या वेळी मी सगळे पैसे काम संपल्याच्या संध्याकाळी दिले होते, तिथेच माझी बाजू लंगडी झाली होती.

पुन्हा त्याला काम देईन का, असं दोघा-तिघांनी विचारलं. मिस्त्री स्वतः हजर असेल, डबे मोजून उतरवले जातील आणि पाण्याची चाचणी करारात लिहिलेली असेल तर देईन. नुसत्या हमीच्या कागदावर नाही देणार. रसायनाबद्दल माझी तक्रार नाही. पूर्ण जाडीचा थर उन्हात 8 महिने राहिला, मग पावसात, कुठे फोड नाही. एका कोपऱ्यात कुंड्या सरकवल्याने ओरखडे पडलेत, तिथे पाणी साचतं का यावर लक्ष आहे.

या पावसाळ्यात संततधार तीनदा लागून गेली. आईंच्या खोलीतल्या त्या भिंतीला नवा गिलावा झाला, पण लोणा पूर्ण बसेपर्यंत रंग द्यायचा नाही असं ठरवलंय. जुना गिलावा काढला तेव्हा रेघांचा तुकडाही गेला. फक्त अगदी खालची, पहिल्या दिवसाची रेघ शिल्लक आहे, तारखेसकट. आई रोज सकाळी पडदा सारताना तिच्यावर तळहात टेकवून बघतात. काल म्हणाल्या, "कोरडी आहे." वाचता येणारी पत्रं आता दुसऱ्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत आहेत.